गच्चीचं पाणी शेवटी जातं कुठे?

दोरवाली, पार्ले पश्चिम:

आमची बिल्डिंग 1971 ची, तळमजला अधिक तीन. मागच्या अंगणात दगडी विहीर आहे. वर लोखंडी जाळी, आत डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आणि एक कासव. ते कोणी आणून सोडलं यावर पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यात अजून वाद आहे. सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी जाळीतून दोर सोडते. दोराला फुटाफुटावर गाठी, खाली वजनाला जुनं पितळी कुलूप. पाणी लागलं की वर ओढायचा आणि कोरड्या गाठी मोजायच्या. मे महिन्यात नऊ-दहा निघायच्या. यंदा चौदा.

दोन वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. चिखल नको, गाड्या नीट लागाव्यात म्हणून. ठरावाला मीही हात वर केला होता, तेव्हा उगाच दुसऱ्यांना बोल लावत नाही. तेव्हापासून जोराची सर आली की गेटपाशी घोटाभर पाणी, आणि उन्हाळ्यात विहीर खोल. कमिटीतले एक काका म्हणतात, "ब्लॉकना फटी असतात, पाणी मुरतंच. विहीर आजूबाजूच्या बोअरमुळे उतरली." असेलही. पण गच्चीचं पाणी पाइपातून खाली आलं की पुढे त्याचं होतं काय, हे कोणी नीट सांगेल का? गच्ची साधारण 300 चौरस मीटर.

जुना नालेवाला:

ताई, आधी ब्लॉकखाली काय आहे ते बघा. नुसती खडी आणि रेती असेल तर काका निम्मे तरी बरोबर. पण गाड्या लावायच्या म्हटलं की कंत्राटदार बऱ्याचदा खाली पीसीसी ओततो, म्हणजे काँक्रीटचा थर. मग फटीतून गेलेलं पाणी त्यावरून घसरत गेटपाशीच येणार.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमच्या गच्चीवर 100 मिलिमीटरच्या दिवशी 30 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी तीन टँकर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला. तेवढाच तुमच्याकडे धरा, एकट्या गच्चीवरून अठ्ठावीस टँकर उतरले.

हे पाणी तुमच्या चेंबरमधून रस्त्याच्या पावसाळी गटारात, तिथून इर्ला नाल्यात, शेवटी जुहूला समुद्रात. आपल्याकडे पावसाचं गटार वेगळं आणि संडास-मोरीची लाइन वेगळी. (म्हणून गेटपाशी तुंबलं की कोणाला मॅनहोलचं झाकण काढू देऊ नका. पाण्याखालचं उघडं झाकण दिसत नाही, माणूस जातो.) जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, नवीन कामांत 50 धरतात. वर साडेचार मीटरची भरती आली की समुद्रच नाल्यात शिरायला बघतो. मग नाल्याच्या तोंडाची दारं पाडून पाणी पंपाने बाहेर फेकायचं, इर्ल्याचं पंपिंग स्टेशन त्यासाठीच. मे महिन्यात ज्याचे पैसे मोजतो तेच जुलैत वीज जाळून समुद्रात टाकतो.

कान्हेरीभटक्या:

नालेवाल्यांनी वाहून गेलेल्याचं सांगितलं, मी मुरलेल्याचं सांगतो. पहिल्या सरी माती स्वतःच पिऊन टाकते. थोडं झाडं मुळांनी ओढतात आणि पानांवाटे परत हवेत सोडतात. उरलेलं मुरमात उतरतं आणि काळ्या दगडाच्या भेगांमधून रांगत विहिरीपर्यंत पोचतं.

पण आपला दगड काही स्पंज नाही. कान्हेरीला लेण्यांशेजारी कातळात खोदलेल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, बघा. पावसाचं पाणी त्यांत वळवायला वरच्या कातळावर पन्हळी कोरल्यात. दगड अखंड म्हणून तर पाणी राहतं. त्याच डोंगरात जिथे भेगा आहेत तिथले ओढे दसरा उलटला तरी वाहत असतात. आभाळ कोरडं असताना येणारं ते पाणी जमिनीने धरून ठेवलेलं.

तेव्हा शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, वाटेल तिथे खणू नका. आधी चाचणीला फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या आणि बादली ओता. पहिली मोजू नका, कोरडी माती काहीही गिळते. तिसरी किती वेळात मुरते ते मोजा.

मालाडचा त्रस्त:

आमच्याकडे शोषखड्डा आहे. त्यावर सध्या स्कूटर उभी असते. गच्चीवरचा पाला आणि गाळ जाऊन दोन पावसाळ्यांत बुजला, कारण दर मे महिन्यात वरची वाळू काढून धुवायची असते हे सांगायला कंत्राटदार थांबलाच नाही.

दोरवाली, पार्ले पश्चिम:

आठ दिवसांनी लिहितेय. गेटजवळचे चार ब्लॉक माळ्याने उचकटले. खाली पीसीसी! काका बराच वेळ वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "बोअरही असतीलच." असोत.

कडेला काँक्रीट नाही अशा दोन जागी खड्डे घेतले. कंपाउंडच्या भिंतीलगत भरावाचा राडारोडा आणि चिकट माती निघाली. तिसरी बादली तीन तासांनंतरही निम्मी तशीच, वर एक मुंगळा तरंगत होता. सोनचाफ्याच्या बुंध्यापासून सहा फुटांवर मात्र हाताने चुरेल असा पिवळट मुरूम. तिसरी बादली पंचवीस मिनिटांत गायब. मी फोनवर वेळ लावून तिथेच स्टूल टाकून बसले होते.

चाफ्याकडची गाडीची एक जागा सोडायची, तिथले ब्लॉक आणि काँक्रीट काढून शोषखड्डा करायचा, असं ठरलं. जागा माझीच गेली. गच्चीचा उरलेला पाइप वाळूच्या टाकीतून थेट विहिरीत सोडावा असं एकजण म्हणतोय. कासवाला चालेल का?

जुना नालेवाला:

पहिले दोन-तीन पाऊस गटारातच सोडा. गच्चीवर वर्षभराची कबुतरांची घाण असते. त्यासाठी पाइपाला एक वेगळा व्हॉल्व्ह बसवा आणि तो कोण फिरवणार ते आत्ताच ठरवा. कासवाला चालेल. गच्चीला यंदा वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारलं असेल तर मात्र या वर्षी विहिरीत काहीच सोडू नका.

दोरवाली, पार्ले पश्चिम:

मारलंय. एप्रिलमध्येच. मग यंदा फक्त चाफा.