जुन्या ट्रॅव्हलरवरील मोटारहोमचे एअर सस्पेन्शन: बलून बदलावेत की पाटेच काढावेत?

कोथरूडचा भटक्या (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्याकडे १९९६ सालच्या बजाज टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेले मोटारहोम, म्हणजे चालते घर, आहे. आधीच्या मालकांनी मागच्या ॲक्सलवर (मागची दोन चाके जोडणाऱ्या आसावर), पाटे (पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगा) तसेच ठेवून, दोन्ही बाजूंना एकेक रबरी एअर बलून (हवेची उशी) बसवून घेतला होता. दोन्ही बलून एकाच नळीने जोडलेले आहेत. नंबरप्लेटमागे टायरला असतो तसा एकच व्हॉल्व्ह आहे आणि पेट्रोल पंपावर टायरची हवा तपासताना त्यातही हवा भरून घ्यायची, अशी ही व्यवस्था आहे. आता बलूनच्या घड्यांमध्ये तडे दिसू लागले आहेत. गाडी रात्रभर उभी राहिली की मागून डावीकडे कलते, आणि कात्रज किंवा वरंधा घाटातील वळणांवर ती इतकी झुकते की मागे बसलेल्यांना आधार धरून बसावे लागते.

वडिलांना मणक्याचा त्रास आहे आणि त्यांना कोकणातले आपले गाव पुन्हा पाहायचे आहे, त्यामुळे गाडी मऊ चालावी हा माझा मुख्य हेतू आहे. एका गॅरेजने असे सुचवले की मागचे पाटे पूर्ण काढून, भंगारात निघालेल्या मोठ्या बसचे बलून आणि लेव्हलिंग व्हॉल्व्ह (वजनाप्रमाणे बलूनमधली हवा कमी-जास्त करून गाडीची उंची राखणारे) बसवावेत, म्हणजे गाडी ‘व्होल्वोसारखी’ चालेल. हे करावे, की आहे त्याच पद्धतीचे नवे बलून घालावेत? खर्चाची तयारी आहे, मात्र गाडी सुरक्षित राहिली पाहिजे.

चासीवाला, पिंपरी

नमस्कार. व्यावसायिक वाहनांच्या सस्पेन्शनच्या कामात माझी नोकरी झाली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पाटे काढू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

पाटा केवळ वजन पेलत नाही. तो ॲक्सलला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकू देत नाही, आणि इंजिनची ओढ किंवा ब्रेकचा जोर आला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो त्यालाही तोच आवरतो. बलून यांपैकी फक्त वजन पेलण्याचे काम करतो. म्हणून पाटे काढले की ॲक्सलला जागेवर ठेवण्यासाठी लांब दिशेचे दांडे आणि आडव्या दिशेचा पॅनहार्ड रॉड बसवावा लागतो, त्यांच्या बुशांसाठी (सांध्यातील रबरी नळकांड्यांसाठी) चासीवर नवे ब्रॅकेट लागतात, आणि त्या ब्रॅकेटवर ब्रेक दाबताना येणारा भार हिशेबात घ्यावा लागतो. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोके पाडून किंवा अंदाजाने वेल्डिंग करून हे काम उरकले, तर चासीला चीर जाण्याची जागा आपणच तयार करून ठेवतो.

मोठ्या बसच्या बलूनविषयीही विचार करावा. बलून किती वजन उचलेल हे हवेचा दाब आणि त्याचे परिणामी क्षेत्रफळ (ज्यावर तो दाब प्रत्यक्ष वजन उचलतो) यांच्या गुणाकारावर ठरते. १५० चौरस सेंटिमीटरच्या बलूनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो, म्हणजे सुमारे ४३ पीएसआय दाब असेल, तर तो ४५० किलो पेलतो. हेच वजन ५०० चौरस सेंटिमीटरच्या बलूनवर ठेवले तर दाब १ किलोच्याही खाली राहतो, आणि इतक्या कमी दाबावर रबराची घडी नीट उलगडत नाही, ती चिमटली जाते आणि लवकर फाटते. लेव्हलिंग व्हॉल्व्हला सतत हवा लागते. आपल्या गाडीचे ब्रेक व्हॅक्यूमच्या साहाय्याने चालणारे हायड्रॉलिक असल्यामुळे हवेचा कॉम्प्रेसर गाडीवर मुळात नाही. तो, त्याची टाकी आणि हवेतला ओलावा काढणारा ड्रायर असे सगळेच नव्याने बसवावे लागेल.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बसला एअर सस्पेन्शन शोभते ते तिचे वजन सतत बदलते म्हणून. डेपोतून रिकामी निघालेली बस पुढच्या थांब्यांवर गच्च भरते. वजन वाढले की व्हॉल्व्ह दाब वाढवतो, दाबाबरोबर बलूनचा कडकपणाही वाढतो, आणि त्यामुळे गाडीच्या हेलकाव्याची गती भरलेली असो वा रिकामी, जवळजवळ सारखीच राहते. मोटारहोमचे तसे नसते. पलंग, ओटा, कपाटे, बॅटऱ्या यांचे वजन बारा महिने तेवढेच असते. बदलते ते मुख्यतः टाकीतले पाणी, म्हणजे लिटरला एक किलो. ज्या गुणासाठी बसला इतका खटाटोप करावा लागतो, त्या गुणाची आपल्याला फारशी गरजच पडत नाही. कायमच्या वजनासाठी पाटेच नीट जुळवून घेतले, तर निम्म्याहून अधिक काम तिथेच होते.

पुढचे सांगण्याआधी एक करा. पाण्याची टाकी भरून, प्रवासात असते ते सर्व सामान ठेवून वजनकाट्यावर जा आणि पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, तसेच मागची डावी आणि उजवी बाजू असे वेगवेगळे वजन घेऊन येथे लिहा.

सह्यवाट

कागदपत्रांबद्दल थोडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमावर भर दिला. पाटे काढून संपूर्ण एअर सस्पेन्शन करण्यापूर्वी संगम पुलाजवळच्या आरटीओमध्ये लेखी विचारणा अवश्य करावी, कारण दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावीच लागते. ‘व्हिंटेज’ म्हणून सवलत मिळेल असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही.

जुनी_वाहने_पुणे

पाट्यांविना एअर सस्पेन्शन असलेले जुने मोटारहोम पाहायचेच असेल, तर अमेरिकेतील जीएमसी मोटारहोमचा अभ्यास करावा. ते १९७३ ते १९७८ या काळात तयार झाले. त्याचे इंजिन ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीकडून घेतलेले असून ओढ पुढच्या चाकांना आहे. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाके, प्रत्येक चाक स्वतःच्या भुजेवर, आणि त्या दोन भुजांच्या मध्ये आडवा ठेवलेला एकच बलून अशी रचना आहे. एक चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की बलूनमार्फत दुसऱ्यावरही तेवढाच भार जातो, म्हणून ती गाडी विलक्षण मऊ चालते असे तिचे मालक सांगतात.

चासीवाला यांचा मुद्दा तेथेही लागू आहे: चाके जागेवर धरण्याचे काम त्या भुजा करतात, बलून करत नाही. शिवाय मागे ओढ नसल्याने मागच्या चाकांकडे ओढ नेणारा शाफ्ट आणि डिफरन्शियल नाहीत, त्यामुळे फरशी खाली आणता आली. ही रचना कोऱ्या कागदावर आखलेली होती. त्या गाड्यांचे आजचे मालक सुधारणा करतात तीसुद्धा बेताची असते. काही जण एका बाजूच्या एका बलूनऐवजी दोन बलून घालतात, प्रत्येकाला चासीवर स्वतंत्र टेकू देतात, म्हणजे एक फुटला तरी ती बाजू पूर्ण खाली बसत नाही. मूळ रचनेचा आदर राखून केलेली ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

कोथरूडचा भटक्या

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाटे काढण्याचा विचार सोडला आहे. मार्केट यार्डाजवळच्या काट्यावर वजन करून आलो. मागची डावी बाजू १,०२० किलो आणि उजवी ८४० किलो भरली. मागच्या ॲक्सलचे एकूण वजन आरसीतील मर्यादेत आहे. १२० लिटरची पाण्याची टाकी डाव्या बाजूला, चाकाच्या वरच आहे, आणि ओटा व फ्रीजही त्याच बाजूला आहेत. डाव्या बलूनमध्ये जास्त हवा भरून हा फरक काढता येईल का?

चासीवाला, पिंपरी

आत्ता एकच नळी असल्याने तसे करता येणार नाही. नळ्या वेगळ्या केल्या तर हवा भरून गाडी सरळ उभी दिसेल, परंतु डाव्या चाकावरील वजन कमी होणार नाही. उलट, मागचा डावा कोपरा वर उचलला की त्या चाकावर आणि तिरक्या रेषेतील पुढच्या उजव्या चाकावर भार थोडा वाढतो. टायर, बेअरिंग आणि ब्रेक यांना खरे वजनच सोसावे लागते, म्हणून सामान हलवणे हाच उपाय आहे. टाकी ॲक्सलच्या वरच, पण गाडीच्या मध्यरेषेवर घ्यावी. तिचे १२० किलो मग दोन्ही चाकांवर साठ-साठ वाटले जातील आणि १८० किलोंचा फरक सुमारे ६० वर येईल. बॅटऱ्या उजवीकडे नेल्या तर तोही बराच भरून निघेल.

त्यानंतर पाटे उतरवून पाहावेत. इतक्या वर्षांत त्यांची कमान बसलेली असणार. दोन्ही बाजूंच्या पाट्यांना सारखी कमान देऊन घ्यावी, मोडका पाटा बदलावा, शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे घालावेत. वजनाचा मोठा वाटा पाट्यांनी उचलावा आणि बलूनवर थोडाच भाग यावा, असे जुळवावे. वडिलांच्या मणक्याला जाणवणारा दणका बहुधा गंजून एकमेकांना चिकटलेल्या पाट्यांमुळे आणि संपलेल्या शॉक ॲब्झॉर्बरमुळे बसत असेल. पाट्यांमधला गंज काढून ते मोकळे हलू लागले आणि शॉक ॲब्झॉर्बर नवे आले, की फरक पहिल्याच खड्ड्यात कळेल.

नवे बलून आहेत त्याच मापाचे घ्यावेत, पण प्रत्येकाला स्वतंत्र नळी, स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि शक्य झाल्यास ड्रायव्हरसमोर स्वतंत्र गेज द्यावा. घाटातील झुकण्याचे एक कारण ती एकच नळी आहे: वळणावर बाहेरचा बलून दाबला गेला की त्यातील हवा आतल्या बलूनमध्ये जाते, म्हणजे ज्या बाजूला आधार हवा तिथला कमी होतो आणि उचलली जाणारी बाजू आणखी उचलली जाते. नळ्या वेगळ्या केल्यावरही गाडी झुकली, तर बलूनमध्ये दाब वाढवत बसू नये. त्यावर खरा उपाय अँटी-रोल बार (दोन्ही बाजू जोडून झुकणे रोखणारा दांडा) हा आहे.

बसवताना बलून पूर्ण फुगलेला असताना टायर, ब्रेकची नळी आणि सायलेन्सर यांपासून चारही बाजूंनी मोकळा राहतो याची खात्री करावी. सायलेन्सर जवळ असल्यास मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा. हवा कधीही पूर्ण रिकामी करून गाडी चालवू नये. जॅक लावून ॲक्सल लोंबता ठेवायचा असेल, तर मात्र आधी हवा सोडावी. बलूनच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये, चासीखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावलीच पाहिजे. नळ्या आणि फिटिंग भोसरी-चिंचवडच्या न्यूमॅटिक दुकानांत मिळतात. जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

सह्यवाट

एक भर घालतो. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत एक लहान दांडी गेलेली असते. गाडी मागून किती दबली आहे यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा जोर ठरवतो. बलूनने मागचा भाग उचलला की गाडी भरलेली असूनही त्या व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. आपल्या गाडीत अशी दांडी असेल, तर पाटे आणि बलून बसवून, टाकी भरून, गाडी रोजच्या उंचीवर उभी राहिल्यावरच ब्रेकच्या माणसाकडून तिची जुळणी करून घ्यावी, आणि घाटात उतरण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर ब्रेक तपासावेत.