मांजरा धरण गिळणारी यंत्रं: ही एकांकिका गावात करावी की नको?

मांजराकाठ
मंडळी, आमच्या गणेश मंडळात या एकांकिकेवरून दोन तट पडलेत. लिहिलीय मीच. कथा थोडक्यात सांगतो. धनेगावच्या मांजरा धरणात जलपर्णी माजते. ती काढायला एक ठेकेदार ज्वारीच्या दाण्याएवढं यंत्र पाण्यात सोडतो. जलपर्णी आणि गाळ खाऊन ते तासाभरात स्वतःसारखं दुसरं यंत्र तयार करतं. तीस पिढ्या झाल्या की थांबायचं, असा नियम आत घातलेला. पाऊस तोंडावर येतो, काम उरकत नाही, म्हणून साहेब तो आकडा काढायला लावतो. दुसऱ्या रात्रीपर्यंत जलपर्णी संपते, मासे संपतात, काठावरचा ऊस संपतो. शेवटी एक आजी घागर बुडवते आणि आतून नुसती खरखर ऐकू येते.

हिशेब करून बघा. तासाला दुप्पट धरलं तर 10 तासांत 1,024, 20 तासांत 10 लाखांवर, 30 तासांत 107 कोटी. ज्वारीचे हजार दाणे साधारण 30 ग्रॅम भरतात, म्हणजे तिसाव्या तासाला 32 टन. हे दोन-तीन ट्रकांत मावतं. चाळिसाव्या तासाला याच्या हजारपट. निम्मं मंडळ म्हणतं, लोकांना भ्या दाखवू नका. मला वाटतं, दाखवलंच पाहिजे. तुमचं मत सांगा.

वाळूजचा फिटर
माझा विरोध. टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली आहेत. एक साधी डाय, म्हणजे धातूला आकार देणारा साचा, करायची तर स्टील कुठलं, ते कोणत्या भट्टीत कडक केलं, मायक्रॉनचा फरक कुठे पडला, यात जीव जातो. आपल्या काळ्या मातीत लोखंड आहे, पण ते ऑक्सिजनशी बांधलेलं. ते सोडवायला लागणारी भट्टी दाण्याच्या पोटात कुठून येणार? चिपचं सिलिकॉन, तारेचं तांबं जलपर्णीतून निघणार आहे का?

अतिसूक्ष्म यंत्रांचा विचार मांडणारे अमेरिकन अभियंते एरिक ड्रेक्सलर यांनी 1986 साली अशा यंत्रांची भीती पुस्तकात मांडली. त्यांनीच 2004 मध्ये सहलेखकासोबत लिहिलं की अतिसूक्ष्म वस्तू घडवायला स्वतःची नक्कल करत मोकाट फिरणारी यंत्रं लागतच नाहीत. याच विषयाचे अभ्यासक रॉबर्ट फ्रेटास यांनी 2000 साली उष्णतेचा हिशेब मांडला होता. यंत्रं जितकी झपाट्याने वाढतील तितकी तापतील, म्हणजे लपून राहणार नाहीत. पोरांना विज्ञान म्हणून हे दाखवू नका.

औसेकर शेतकरी
सर, लोखंडाचं पटलं. पण 2022 चा पावसाळा इसरलात का? सोयाबीन नुकतं वर आलेलं, आन शंखी गोगलगायी सुटल्या. त्यांच्यात नर-मादी येगळी नसती, जी भेटंल ती अंडी घालायली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती आम्ही संध्याकाळी बांधावर टाकायचो. सकाळी पोतं उलटलं की खाली चिकटलेला थर. वेचायच्या आन मिठाच्या पाण्यात टाकायच्या. माय आन मी बादल्या भरल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. दुबार पेरलं, तेबी गेलं. मायच्या बोटांच्या सालट्या निघाल्या मिठानं.
नाटक करा. आमच्या गावात पटतंय का नाही, ही शंकाच येणार नाही कुणाला.

वाळूजचा फिटर
दादा, तुमचं नुकसान खरं आहे. पण गोगलगायीला पान मिळालं की पुरतं, यंत्राला अख्खा कारखाना लागतो. मग गोगलगायीवरच नाटक करा ना.

मांजराकाठ
सर, यंत्राच्या पोटातलं तुम्हाला जास्त कळतं, मान्य. माझं बोट आकडा काढणाऱ्यावर आहे. 2 नोव्हेंबर 1988 ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःची नक्कल करणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. समोरच्या संगणकात आधीच नक्कल आहे का, हे तो विचारायचा. पण कुणी खोटं ‘हो’ म्हणून त्याला अडवू नये, म्हणून सातात एकदा उत्तर न जुमानता शिरायचं, अशी सोय त्याने ठेवली. तेवढ्याने नकलांवर नकला साचल्या आणि संगणक बंद पडले. सुमारे 6,000 संगणकांचा अंदाज सांगतात. तिथे लोखंड लागलं नाही, भट्टी लागली नाही. माझ्या नाटकातला साहेब हेच करतो.

किल्लारीची बाई
मी शाळेत शिकवते. विज्ञान बरोबर की चूक, हा माझा मुद्दा नाही. 1993 ला अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव झोपलं आणि 30 सप्टेंबरला पहाटे 3:56 ला जमीन हलली. मी सात वर्षांची होते. विसर्जनाच्या रात्री माझी आई अजून अंगणात खाट टाकते, पाऊस असला तरी ओसरीच्या कडेला, दाराबाहेरच. तुमच्या मांडवात अशी कितीतरी माणसं बसलेली असतील. काळोख करून, खरखर ऐकवून तुम्ही त्यांना काय देणार?

मांजराकाठ
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गणपतीत करणार नाही. दिवाळीनंतर, दिवसाउजेडी, शाळेच्या पटांगणात करू. सर, पहिल्या प्रवेशात भट्टीचा प्रश्न विचारणारा एक फिटर घालतो. त्याला साहेब गप्प बसवतो.

वाळूजचा फिटर
घाला. पण त्याचं म्हणणं पूर्ण होऊ द्या, मध्येच तोडू नका. तालमीला येईन.

किल्लारीची बाई
दिवाळीनंतर करा, पोरांना घेऊन येते. पण त्या आजीच्या घागरीत थोडं तरी पाणी येऊ द्या. 2016 ला धरण आटलं तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. माझ्या वर्गातल्या पोरांच्या मोठ्या भावंडांनी तेव्हा टँकरच्या रांगेत रात्र काढलीय. रिकाम्या घागरीचा आवाज त्यांना माहीत आहे.