मदत हवी आहे : सोलापूरच्या हिवाळ्यात गाडीच्या रंगावर काजळी आणि पांढरे डाग, गाडी धुवावी तरी कशाने?

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापुरात राहतो आणि कामानिमित्त रोज विजापूर रस्त्याने मंद्रूपपर्यंत जाऊन येतो. गाडी तीन वर्षांची असून तिचा रंग गडद निळा आहे. पावसाळ्यात चिखल उडतो, उन्हाळ्यात धूळ बसते, हे सारे खरे. पण रंगाचे नुकसान मला दर वर्षी दिवाळी ते होळी या काळातच झालेले दिसते, आणि त्याचे मूळ नेमके कशात आहे हे ठरवता येत नसल्यामुळे हा धागा काढत आहे. हिवाळ्यातील निगेबद्दल जे सल्ले वाचायला मिळतात, ते बर्फ आणि रस्त्यावर पसरलेले मीठ गृहीत धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पंधरा-सोळा अंश आणि दुपारी तीस अंश असतात, तेव्हा त्या सल्ल्यांचे करायचे काय?

पहिली अडचण काजळीची आहे. साखर कारखान्यांचे गळीत सुरू झाले की सकाळी गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर दवात भिजलेली काळी राख दिसू लागते, जी बोट लावताच पसरते. ती कोणत्या धुराड्यातून येते हे मी सांगू शकत नाही आणि तो या धाग्याचा विषयही नाही. आमच्या गल्लीत गाड्या पुसायला एक मुलगा येतो. तो अर्ध्या बादलीत पाच गाड्या उरकतो आणि एकच ओला फडका सगळ्यांवर फिरवतो. गेल्या महिन्यापासून रात्री रस्त्यावरील दिव्याखाली पाहिले, की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा चमकतात.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे ते गाडीवर ओतायला मन धजावत नाही. म्हणून आजवर मी बोअरचे पाणी, किंवा पिण्याच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत साठवून, गाडी धुण्यासाठी वापरत आलो. पाणी वाचवल्याचे समाधान मिळत होते, पण गाडी वाळली की तिच्यावर चुन्याच्या ठिपक्यांसारखे पांढरे गोल डाग उरतात आणि आता त्यांतील काही डाग कितीही घासले तरी जात नाहीत. कुतूहल म्हणून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दर लिटरला मिलिग्रॅममध्ये दाखवणारे यंत्र, आणून मोजले, तर नळाचे पाणी ४८०, बोअरचे १,१५० आणि आरओतून वाया जाणारे १,७०० च्या आसपास निघाले.

तिसरी गोष्ट दारातील आंब्याची. गाडीला दुसरी जागा नाही. मोहोर फुटू लागला, की काचेवर आणि बॉनेटवर चिकट थेंबांचा सडा पडतो आणि त्यावर धूळ बसून तो थर घट्ट होतो. शिवाय या दिवसांत ज्वारीवर येणाऱ्या भोरड्यांचे थवे संध्याकाळी तारांवर बसतात, त्यांचा प्रसाद वेगळाच.

आजवर भांडी घासायच्या द्रवसाबणाने धुऊन पाहिले. एका वॉशिंग सेंटरमध्ये डागांची तक्रार केल्यावर त्यांनी साऱ्या गाडीला डिझेलचा हात मारून दिला. गाडी दोन दिवस लखलखली आणि तिसऱ्या दिवशी रस्त्यावरची सगळी धूळ तिलाच चिकटली. कापडी आच्छादन घातले, तर वाऱ्याने ते हलत राहते आणि रेघा वाढल्यासारख्या वाटतात. आता एक जण सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसवला जाणारा कडक संरक्षक थर) करून घ्या, म्हणजे धुण्याची कटकटच मिटेल, असे सांगत आहे. इतक्या कमी पाण्यात गाडी सुरक्षितपणे कशी धुवावी, जुने डाग कसे काढावेत आणि कोटिंगवर खर्च करण्यात अर्थ आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नमस्कार. मी बरीच वर्षे गाड्यांच्या रंगकामात आणि पॉलिशच्या कामात आहे. आपण मोजमापे दिलीत हे फार बरे केलेत, कारण आपले अर्धे उत्तर त्यांतच आहे. आरओ यंत्र शुद्ध पाणी वेगळे काढते, तेव्हा मूळ पाण्यातील क्षार उरलेल्या पाण्यात एकवटतात. म्हणजे आपण बोअरच्या पाण्याहूनही जड, म्हणजे जास्त क्षारांच्या, पाण्याने गाडी धूत होतात. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला खुशाल वापरा, परंतु गाडीला एक थेंबही लावू नका. पाणी उडून जाते, त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र जागेवरच राहतात, आणि आपल्याकडे दुपारचा बॉनेट हिवाळ्यातही चटका देण्याइतका तापत असल्यामुळे ते थर रंगावर पक्के होत जातात.

आता रेघांबद्दल. बगॅसच्या, म्हणजे कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाळल्या जाणाऱ्या उसाच्या चिपाडाच्या, राखेत सर्वांत मोठा वाटा सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्याच घटकाचा असतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. दवाने राख भिजल्यावर तिच्यावर फडका फिरवणे म्हणजे त्या थरावर बारीक पॉलिश पेपर घासण्यासारखेच आहे. त्यामुळे सर्वांत आधी त्या मुलाला फक्त काचा आणि चाके पुसायला सांगा. त्याचे पैसे कापू नका, पण रंगाला हात लावू देऊ नका. धुळकट गाडी धुळकटच राहिली तर रंगाचे काही बिघडत नाही, ती कोरडी किंवा अर्धवट ओली पुसली की मात्र बिघडते. आच्छादनाचेही तेच आहे. खालची राख न काढता घातलेले आच्छादन वाऱ्यावर दिवसभर ती राख घासत बसते.

धुण्यासाठी आठवड्यातून एकदा पंधरा ते वीस लिटर पाणी पुरते. सकाळी दव सुकल्यानंतर आणि पत्रा तापण्याआधी, सावलीत, हे काम करावे. फवारणीच्या छोट्या हातपंपात नळाचे पाणी आणि थोडा गाडीचा, पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, क्षारीही नाही असा) शाम्पू घालून सगळी गाडी भिजवावी आणि पाच मिनिटे थांबून राख खाली ओघळू द्यावी. ही पायरी गाळण्याचा मोह आवरा, कारण खरी धुलाई तिथेच होते. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे. मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा टपापासून सुरुवात करून खाली आणावा आणि प्रत्येक पत्र्यानंतर साध्या पाण्यात खळबळून घ्यावा. गोल न फिरवता सरळ रेषेत ओढावा. दाराखालचा भाग आणि चाके शेवटी, वेगळ्या कापडाने.

भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो; तो काजळीबरोबर रंगावरचे संरक्षक वॅक्सही घेऊन जातो. डिझेलने डाग निघत नाहीत, फक्त तेलाच्या थराखाली झाकले जातात.

शेवटच्या धुलाईला आरओचे गोडे पाणी किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर दोन-तीन लिटर फवारले आणि जाड मायक्रोफायबरने टिपून घेतले, तर डाग पडायला क्षार फारसे उरत नाहीत.

जुन्या डागांवर पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून कापसाने दोन-तीन मिनिटे ठेवा, मग भरपूर धुवा. सुटणारे डाग त्याने सुटतील. न सुटणाऱ्यांनी थर खाल्लेला असतो आणि त्यांना मशीनचे पॉलिशच लागते. पण प्रत्येक पॉलिशबरोबर क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात, तेव्हा ते दर वर्षी करायचे काम नव्हे.

कोटिंगबद्दल माझे मत स्पष्ट सांगतो, जरी माझ्याच धंद्याच्या ते विरोधात जाते. सिरॅमिक कोटिंगवरही जड पाण्याचे डाग पडतात आणि त्यावरही राख घासली की रेघा येतात. धुणे सोपे होते, संपत नाही. कारखान्यांची बॉयलर अग्निप्रदीपने होतात त्या सुमारास, म्हणजे दसरा-दिवाळीच्या दरम्यान, गाडी नीट धुऊन तिच्यावर चांगल्या प्रतीचा पेंट सीलंट (रंगावर लावायचा कृत्रिम संरक्षक लेप) लावलात, तर तो चार-सहा महिने टिकतो आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गळीत संपेपर्यंत, साथ देतो. साधे कार्नोबा वॅक्स (ताडवर्गीय झाडाच्या पानांचे मेण) दिसायला अधिक सुंदर, पण ते महिना-दोन महिन्यांत उतरते. पैसे शिल्लक असतील तर कोटिंग जरूर करा, मात्र आधी पाणी आणि फडका बदला.

प्रतिसाद २

आंब्याखाली पडतो तो डिंक नव्हे, तो तुडतुड्यांचा चिकटा आहे. मोहोराचा रस शोषून ते गोड द्रव टाकतात आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. तो साखरेचा असल्यामुळे कोमट पाण्यात भिजवलेले कापड दहा मिनिटे ठेवले की आपोआप सुटतो, नखाने खरवडू नये. तुडतुड्यांचा बंदोबस्त मोहोर फुटण्याच्या सुमारासच केला तर झाडाचाही फायदा होतो. त्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारावे. भोरड्यांची विष्ठा मात्र त्याच दिवशी काढावी. तिच्यात यूरिक आम्ल असते आणि दुपारच्या उन्हात ते रंगात उतरते. तिच्यावरही ओले कापड ठेवून, मऊ झाल्यावर वरच्यावर उचलावी.

धागालेखक

आपणा दोघांचेही मनापासून आभार. आरओच्या पाण्याबद्दल वाचून खरोखर ओशाळलो, कारण ही युक्ती मीच गल्लीतील तिघांना मोठ्या अभिमानाने शिकवली होती. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन ती परत घ्यावी लागेल. काल व्हिनेगरचा प्रयोग डाव्या दारावर करून पाहिला. साधारण निम्मे डाग पूर्ण गेले, उरलेल्यांच्या कडा बोटाला लागतात, म्हणजे ते खोल गेलेले असावेत. एक शंका उरली आहे. आमच्या शेतावर पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप आहे, तो स्वच्छ धुऊन या कामासाठी चालेल का?

प्रतिसाद १

तो पंप वापरू नका. त्यात तणनाशक किंवा तेलयुक्त औषध कधीतरी भरले गेलेच असेल, आणि त्याचा अंश नळीत व वॉशरमध्ये राहतो. बागेसाठी मिळणारा दोन लिटरचा नवा हातपंप घ्या आणि त्यावर ‘गाडी’ असे लिहून ठेवा, नाहीतर घरातले कोणीतरी तो गुलाबांसाठी घेऊन जाईल. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेतानाही लेबल वाचून घ्या. त्याच दुकानांत बॅटरीचे ॲसिडही तशाच कॅनमध्ये मिळते. कडा बोटाला लागणाऱ्या डागांवर पुन्हा व्हिनेगर लावू नका. शक्य झाले तर होळीनंतर, राख थांबल्यावर, थराची जाडी मोजणारे यंत्र असलेल्या पॉलिशवाल्याकडे गाडी दाखवा, आणि तो न मोजताच मशीन लावू लागला तर गाडी तशीच परत आणा.