मदत हवी आहे: मुलगी सांगलीत, वडील साताऱ्यात. सव्वाचार वर्षांच्या मुलीचं वेळापत्रक कसं लिहावं?

सातारी_कंदी
नमस्कार. गेल्या ऑगस्टपासून आम्ही दोघं वेगळे राहतोय. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज करायचा आहे, वकिलांनी मुलीबाबतच्या अटींचा कच्चा मसुदा मागितलाय. मुलगी आईकडे विश्रामबागला, तिथेच ज्युनिअर केजीला. मी साताऱ्यात, सुट्टी रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. सध्या 'जमेल तसं' चाललंय आणि तिथंच बिनसतंय. तीन गोष्टी विचारायच्यात:
१) मसुद्यात नेमकं काय काय लिहायचं?
२) कराडला अर्ध्या वाटेत अदलाबदल करतो, गाडी बदलताना ती खूप रडते. हे बरोबर आहे का?
३) आजारपण, सण, फोन हे कागदावर आणायचं की समजुतीवर सोडायचं?

कलमबहाद्दर
मसुद्यात 'वाजवी भेटीचा हक्क राहील' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. वाजवी म्हणजे किती, यावरच पुढची सगळी भांडणं होतात. वार, वेळ, जागा, आणणारा कोण, पोचवणारा कोण, असं लिहा. उदाहरणार्थ: 'दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी ११ ते रविवारी सायंकाळी ५ मुलगी वडिलांकडे राहील. अर्ध्या तासापेक्षा उशीर होणार असल्यास मेसेज करायचा. मुलगी आजारी असल्यास वडिलांनी सांगलीत येऊन भेटायचं आणि हुकलेला मुक्काम पुढच्या रविवारी भरून काढायचा.'

आता यातली मेख. ज्या महिन्यात पाच शनिवार येतात, तेव्हा चौथ्या शनिवारनंतर पुढचा दुसरा शनिवार तीन आठवड्यांनी येतो. सव्वाचार वर्षांच्या पोरीला तीन आठवडे म्हणजे युग. तुम्हाला पाचव्या शनिवारी सुट्टी नाही, म्हणून त्या रविवारी सांगलीत चार तासांची भेट असं स्वतंत्र कलम घाला. मधल्या रविवारीही तुम्हीच सांगलीला गेलात तर उत्तम.

कायद्याचं थोडक्यात: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे अर्ज दाखल करताना वेगळं राहून किमान एक वर्ष झालेलं हवं, ते मोजून घ्या. पहिल्या प्रस्तावात (अर्ज दाखल करणं) आणि दुसऱ्या प्रस्तावात (कोर्टापुढे पुन्हा संमती देणं) सहा महिन्यांचं अंतर असतं (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात ते माफ होऊ शकतं). माफीच्या मागे लागू नका असं माझं मत. ते सहा महिने वेळापत्रक चालवून बघायला वापरा, खटकेल ते दुसऱ्या प्रस्तावाआधी वकिलांकरवी दुरुस्त करा. नंतरही ताब्याच्या आणि भेटीच्या अटी परिस्थितीनुसार बदलून मागता येतात. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात आहे. पण पाचव्या वाढदिवसाला ताबा आपोआप फिरतो हा गैरसमज आहे.

आणि पोटगी व भेट एकमेकांना बांधू नका. पैसे थकले म्हणून भेट बंद नाही, भेट हुकली म्हणून पैसे बंद नाहीत. हे वाक्य शब्दशः घाला.

पाटीपेन्सिल
रडण्याबद्दल. कराडला ती नेमकी कुठे हातात दिली जाते? महामार्गाच्या कडेला, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत, इंजिन चालू, असं असेल तर ती रडणारच. त्यात तिला 'सोडणं' दिसत नाही, 'काढून घेणं' दिसतं. कोल्हापूर नाक्याची गर्दी टाळा. प्रीतिसंगमाच्या बागेत या, दोघंही वीस मिनिटं थांबा, तिला खेळू द्या. मग ज्याच्याकडून ती निघतेय त्यानेच तिला दुसऱ्याच्या गाडीपर्यंत चालवत न्यावं, बसवावं, टाटा करावा. निरोप छोटा ठेवा, पण तिची नजर चुकवून सटकू नका. एकदा फसवलं की पुढच्या वेळी ती आधीपासूनच चिकटून बसते.

पोचल्यावर पहिला तास-दीड तास चिडचिड, न जेवणं, 'मम्मीकडे जायचंय' हे होतं. परतल्यावर तिकडेही तसंच होतं. त्यावरून 'तिथे काहीतरी वाईट वागवतात' असा निष्कर्ष दोन्हीकडच्यांनी काढू नये. ती घर बदलतेय, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. हे तासाभराऐवजी रोजचंच झालं, झोप उडाली, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे टिकलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बॅग जितकी हलकी तितकं बरं. ब्रश, चड्ड्या, रात्रीचे कपडे, चप्पल दोन्ही घरी वेगवेगळे असू द्या, म्हणजे साताऱ्यात ती पाहुणी राहत नाही. प्रवास करावा फक्त तिच्या झोपायच्या वस्तूने, बाहुली किंवा गोधडी. गोधडी धुवून पाठवू नका, त्या वासावरच ती झोपते.

मापाचा_चमचा
तिसऱ्या प्रश्नापैकी आजारपण. हे कागदावरच हवं. तापाचं पॅरासिटामॉल सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ अशा दोन ताकदींत मिळतं. खोके जवळपास सारखेच दिसतात. पहिल्याचे साडेसहा मिली म्हणजे १५६ मिग्रॅ, तेवढेच दुसऱ्याचे दिले तर ३२५. फोनवर 'साडेसहा मिली दे' म्हटलं आणि त्या घरी दुसरी बाटली असली की डोस दुपटीच्या वर गेला. म्हणून दोन्ही घरी एकाच ताकदीची बाटली ठेवा, डॉक्टरांकडून वजनानुसार डोस लिहून घ्या आणि तो बाटलीवर चिकटवा. मापाला घरातला चमचा नको, सिरिंज वापरा.

बॅगेत एक छोटी वही: औषध, मिली, किती वाजता. तीन वाजता सांगलीत दिलेला डोस साडेपाचला साताऱ्यात पुन्हा दिला जातो तो वही नसल्यामुळे. दोन डोसांत किमान चार तास हवेत. वहीत वैद्यकीय गोष्टच लिहा, टोमणे नकोत.

लसीकरण कार्डाची मूळ प्रत आईकडे, फोटो दोघांकडे. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस) दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांत असतो, तो कोण देणार ते आत्ताच ठरवा. पाच पूर्ण झाल्यावर आधारचं बायोमेट्रिकही करावं लागतं.

सातारी_कंदी
मनापासून आभार. पाचव्या शनिवारचं डोक्यातच आलं नव्हतं. सण कसे वाटायचे? आणि आमच्या आईला प्रश्न विचारायची सवय आहे, 'तिकडे कोण कोण येतं गं?'

पाटीपेन्सिल
दिवाळी अर्धी-अर्धी तोडताना दिवसांची नावं लिहा: यंदा नरकचतुर्दशीची अंघोळ एकीकडे, पाडवा-भाऊबीज दुसरीकडे, पुढच्या वर्षी उलट. अदलाबदल लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, संध्याकाळी नको, फटाक्यांत आणि गर्दीत मूल दमलेलं असतं. गणपती ज्याच्याकडे बसतो त्याच्याकडे. वाढदिवस दोनदा झाला तरी तिची तक्रार नसते.

आजींना एकच पर्याय द्या: 'काय खेळलीस?' विचारा, 'कोण होतं?' विचारू नका. या वयात मुलं समोरच्याला आवडेल ते उत्तर देतात, मग त्याच उत्तरावरून मोठ्यांत फोनाफोनी होते. निरोपही तिच्या तोंडी पाठवू नका. 'मम्मीला सांग फी भर' हे मेसेजवर.

फोन: रोज ठरलेल्या वेळी, समजा साडेसातला, जेवणाआधी. पाच-सात मिनिटांवर ती टिकणार नाही, तो अपमान समजू नका. 'जेवलीस का, शाळेत काय झालं' यावर ती 'हो' म्हणून पळेल. एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक तिकडे, एक तुमच्याकडे. तुम्ही वाचा, पान तिला उलटू दे.

कलमबहाद्दर
फोनची वेळही मसुद्यात घाला. आणि मुलीच्या आईला हा धागा दाखवा, नाहीतर मसुदा एकट्याचा होईल. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात त्यांना मोफत वकील मिळू शकतो, महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कोर्टात जाण्याआधी मध्यस्थीही तिथे मागता येते.