घरी केलेलं फरशीचं पाणी : खरंच कामाचं, की नुसतं मनाचं समाधान?

जुळेसोलापूर_सातजण
घरात आम्ही सात माणसं, त्यातलं सर्वात धाकटं रांगतंय. स्वयंपाकघर आणि सासऱ्यांच्या खोलीत जुनी शहाबादी, हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स. गेल्या महिन्यात रोजच्या पुसण्यातलं फिनेल बंद केलं. धाकटा फरशीवर सांडलेली शेंगाचटणी बोटानं टिपून खातो, आणि दहाच मिनिटांपूर्वी तिथून पांढरं फिनेल फिरलेलं असतं. ते बघवेना.

आता रात्री दहा-बारा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात भिजत टाकते. सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळते, गार झाल्यावर कुस्करून जुन्या ओढणीतून गाळते. अर्ध्या बादलीला एक वाटी. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. फोडणीचे शिंतोडे, भाकरीचं पीठ, मुलांच्या पायाची माती, सगळं निघतं. बोअरच्या पाण्यात साबणाचा चोथा होतो तसा रिठ्याचा होत नाही, हा आमच्याकडं मोठाच फायदा.

माझं म्हणणं एवढंच की रोजच्या घाणीला विकतची बाटली लागत नाही. तुमचा विरोध असेल तर ऐकायचंय.

तीन_शिफ्ट
विरोध आहे. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही पहाटे कधी येईल ते त्याच्या मनावर. त्या दिवशी टाकी भरायची, पिंपं भरायची, धुणं उरकायचं, पोरांचे डबे करायचे, आणि त्यात रिठे कोण पिळत बसणार? बाटलीचं एक झाकण बादलीत ओतलं की संपलं.

आणि ‘नैसर्गिक’ म्हटलं की लगेच निर्धोक कसं काय ओ? कण्हेरसुद्धा नैसर्गिकच आहे की. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की काय होतं ते लहानपणी न्हाणीघरात आपण सगळ्यांनी भोगलंय.

फेसाळ
रिठ्याचा व्याप कशाला? मी व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून वर एक लिंबू पिळते. काय फसफसतं! त्या फेसानंच घाण सुटते. सगळ्या घराला तेच वापरते.

प्रयोगवही
फेसाळताई, फसफस दिसायला छान, पण आंबट व्हिनेगर आणि सोडा एकमेकांना मारतात तेव्हाच ती होते. वायू उडून जातो, मागं उरतं ते जवळजवळ खारट पाणी. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वापरल्या तरच कामाच्या.

दुसरं जास्त महत्त्वाचं. सोलापुरात निम्म्या घरांत शहाबादी, ओट्याला कडप्पा. हे दोन्ही चुनखडीचे दगड, आणि चुनखडीला आंबट चालत नाही. आमच्या ओट्यावर एकदा लिंबाची पिळलेली अर्धी फोड रात्रभर उपडी राहिली. सकाळी उचलली तर खाली रुपयाएवढं पांढरट वर्तुळ. बोट फिरवलं तर बाजूचा दगड गुळगुळीत, तेवढाच भाग खरखरीत. तेल चोळलं, पुसलं, वर्तुळ अजून आहे. रोज आंबट पाण्यानं शहाबादी पुसाल तर हेच थोडं थोडं सगळ्या घरात होईल. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात, त्यालाही हेच लागू. व्हिट्रिफाइडला बादलीत अर्धी वाटी व्हिनेगर खुशाल टाका.

आणि हे कुणी करू नका : व्हिनेगर किंवा संडासाचं अ‍ॅसिड ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळणं. क्लोरीन सुटतो. बंद मोरीत जीवावर बेतेल. गोमूत्र आणि ब्लीचसुद्धा एका बादलीत नको, त्यातूनही घातक वायू निघतो.

सांगोल्याचं_डाळिंब
माझी फजिती ऐका. मामांच्या बागेतली डाळिंबं घरी येतात, सालींचा ढीग पडतो. म्हटलं, बायोएंझाइम करू, म्हणजे साली आंबवून केलेलं फरशीचं पाणी. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने बरणीत. पहिल्या महिन्यात झाकण रोज सैल करायचं असतं. मी एक आठवडा गावाला गेले आणि बरणीनं भिंतीवर रांगोळी काढली.

उरलेलं गाळून मोठ्या कौतुकानं पांढऱ्या टाइल्सवर फिरवलं. दोन आठवड्यांत सांधे तपकिरी, मोरीपाशी लोखंडी बादली ठेवते तिथं तर काळे. शेजारचे आजोबा आधी सूत रंगवायचे. बघून हसायलाच लागले, “पोरी, या सालीनं आम्ही सूत रंगवायचो, तू फरशी रंगवलीस.” संत्र्या-मोसंबीच्या सालीचं करा हवं तर. पण तेही आंबटच, म्हणजे शहाबादीवर तेही नको.

चार_घरची_पोर
सगळे फरशीचं बोलालेत, पुसणाऱ्याचं कोणी बोलंना. माझी आई चार घरची फरशी पुसते. बाटलीवर एक झाकण लिहिलेलं असतं, पण ‘वास आला पाहिजे’ म्हणून तिला तीन झाकणं टाकायला लावतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी सोललेली असते. म्हणून रिठा मला पटतो.

पण एका घरात ‘घरगुती’ म्हणून उकळत्या पाण्याची बादली देतात. ती जिन्यावरून उचलून न्यायची कुणी? कोमट पुरतं की. आणि आई म्हणते, पाण्यात काय टाकता त्यापेक्षा पाणी किती वेळा बदलता ते बघा. तीन खोल्या एकाच बादलीत पुसल्या तर शेवटच्या खोलीत पहिल्या खोलीचा चिखलच फिरतो.

तीन_शिफ्ट
पाणी बदला म्हणे. पाणी आणायचं कुठून? माझा मुद्दा तोच आहे. रिठा जास्त पडला तर फरशी चिकट होते, मग साध्या पाण्याचा दुसरा हात मारावा लागतो. दुष्काळात तेरावा महिना!

जुळेसोलापूर_सातजण
चिकटपणाचं मान्य. पहिल्या आठवड्यात दोन वाट्या टाकत होते, पाय चपक-चपक वाजायचे. एका वाटीवर आल्यापासून दुसरा हात लागत नाही. पाण्याला मी धुण्याच्या मशीनचं शेवटचं खळबळलेलं पाणी धरून ठेवते, पहिला हात त्याचा. वाळल्यावर फरशीवर जो पांढरट पापुद्रा दिसतो तो रिठ्याचाही नाही आणि फिनेलचाही नाही, बोअरच्या क्षारांचा आहे. शेवटचा हात नळाच्या पाण्याचा मारून बघा.

उकळत्या बादलीचं लागलं मनाला. आमच्या मावशींना मी तशी कधी दिली नाही, पण ‘तुम्हाला हे पाणी चालतंय का’ असंही कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. म्हणाल्या, वास काहीच येत नाही, त्यामुळं पुसल्यासारखं वाटत नाही!

मोरी-संडासाला काळं फिनेल चालूच आहे, ते मी सोडलेलं नाही. घरात कुणाला उलटी-जुलाब झाले तर रिठ्याच्या भरवशावर मीही बसणार नाही. रिठा घाण काढतो, जंतू मारायचं काम त्याचं नाही.

फेसाळ
वासासाठी कापराचं तेल टाकलं तर?

प्रयोगवही
रांगतं मूल आहे ना त्यांच्याकडं. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. वडी असो की तेल, हाताला लागेल असं ठेवूच नये. वासापेक्षा खिडकी उघडी बरी.

तीन_शिफ्ट
खिडकी उघडली की उन्हाळ्यात रस्त्याची धूळ आत, परत पुसा.

बरं, ते रिठे मिळतात कुठं? मला पटलंय असं समजू नका. आईला केसांसाठी पाहिजेत.

जुळेसोलापूर_सातजण
मधल्या मारुतीकडच्या बाजारात बघा. बिया काढलेले मागा, नाहीतर फोडता फोडता तुमची चौथी शिफ्ट होईल.