भाच्यासाठी सायन्सवालं गिफ्ट पाहिजे, पण नागपूरच्या मे महिन्यात चाललं पाहिजे

वाळ्याचा_पडदा
नमस्कार मंडळी. भाच्याचा वाढदिवस मे मध्ये आहे, १२ वर्षांचा होतोय, बॅट नको कपडे नको, त्याला म्हणे "काहीतरी विचित्र" पाहिजे. रमण विज्ञान केंद्रात नेलं की बाहेर निघायचं नाव घेत नाही असा नमुना आहे. ऑनलाइन चार वस्तू काढून ठेवल्यात: गॅलिलिओ थर्मामीटर, मान डोलावत पाणी पिणारी ती काचेची चिमणी, गॅलियम धातू भरलेली बाटली, आणि काचेच्या गोळ्यात उन्हाने फिरणारा रेडिओमीटर. बजेटमध्ये फार तर दोन बसतील. व्हिडिओ सगळे थंड देशातले आहेत आणि आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, ताईकडे एसी फक्त बेडरूममध्ये, हॉलमध्ये कूलर. यातलं काय चालेल?

बर्डीवाला_भाऊ
थर्मामीटर कायले घेऊन राहिला बे, पैसे पाण्यात जातील आणि गोळेही पाण्यात जातील 😄 त्यात काय असते, नळीतला द्रव तापला की पातळ होते म्हणजे घनता कमी होते, मग रंगीत गोळे एक एक करून खाली बसतात, तरंगणाऱ्यांमधला सगळ्यात खालचा जो असेल त्याच्या बिल्ल्यावरचा आकडा वाचायचा. आता बाजारात मिळतात ते बहुतेक १८ ते २६ डिग्रीच्या आसपासचे. तिकडच्या दिवाणखान्यासाठी बनवलेले ना. आपल्या हॉलमध्ये मार्चमध्येच सगळे गोळे बुडाशी जाऊन झोपतील ते थेट दिवाळीनंतर उठतील. शोभेला ठेवायचा तर ठेव. आणि हो, नाव गॅलिलिओचं असलं तरी तो त्याने केलेला नाही, १७ व्या शतकात फ्लॉरेन्सच्या अकादमीतल्या लोकांनी केला.

फिजिक्सवाली_मॅडम
भाऊंशी सहमत. चिमणी मात्र डोळे झाकून घ्या, ती खरी नागपूरच्या उन्हाळ्याची वस्तू आहे. तिच्या डोक्याला फेल्ट, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जाडसर कापड, लावलेलं असतं, ते ओलं केलं की पाणी उडून जाताना डोकं थंड पडतं, आतली वाफ तिथे द्रव होते, वरचा दाब कमी झाला की खालचा रंगीत द्रव नळीतून वर चढतो, डोकं जड होऊन चिमणी पुढे झुकते आणि चोच ग्लासात बुडते. झुकल्यावर नळीचं खालचं टोक उघडं पडतं, वाफेचा बुडबुडा वर जातो, द्रव परत खाली येतो आणि बाई उभ्या. ना सेल ना चावी. सगळा खेळ डोकं आणि बूड यांच्या तापमानातल्या फरकाचा आहे, बाहेर किती गरम आहे याचा नाही, आणि हवा जितकी कोरडी तितका हा फरक मोठा. आपल्याकडे मे मध्ये दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात, म्हणजे चिमणीची चैनच. ऑगस्टमध्ये तीच चिमणी आळशी होते, तेव्हा बिघडली म्हणून फेकू नका.

एक सांगते, तिला कूलरसमोर ठेवू नका. सगळ्यांना वाटतं वारा लागला की जोरात चालेल, पण कूलरची हवा आधीच पाणी पिऊन आलेली असते, त्यात डोक्यावरचं पाणी कमी उडतं आणि चिमणी मंदावते. कूलरपासून दूर, व्हरांड्यात सावलीला ठेवा. पोराला दोन्ही जागी ठेवून मिनिटाला किती वेळा झुकते ते मोजायला लावा, अख्खी सुट्टी त्यात जाईल.

तर्री_जास्त
रेडिओमीटर पण घ्या, भारी वस्तू. प्रकाशाच्या धक्क्याने फिरतो, ऊन तर आपल्याकडे फुकट आहे 😎

फिजिक्सवाली_मॅडम
@तर्री_जास्त धक्क्याने नाही हो. तो बनवणाऱ्या क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञालाही आधी तसंच वाटलं होतं. १८७० च्या दशकात तो थॅलियम या धातूचं वजन निर्वात पेटीतल्या तराजूवर करत होता, ऊन पडलं की तराजू हलायचा, त्यातून हे खेळणं निघालं. आतल्या पंख्याच्या प्रत्येक पात्याची एक बाजू काळी आणि दुसरी चकाकती असते. पण प्रकाशाचा धक्काच असता तर चकाकत्या बाजूला जास्त बसला असता, कारण तिथून प्रकाश उलटा फिरतो, आणि पंखा दुसऱ्या दिशेने फिरला असता. प्रत्यक्षात काळी बाजू मागे सरकते. गोळ्यात थोडी हवा मुद्दाम ठेवलेली असते, काळी बाजू जास्त तापते आणि पात्यांच्या कडेवरून हवा थंड बाजूकडून गरम बाजूकडे सरकते, त्यातून जोर येतो. हे रेनॉल्ड्स आणि मॅक्सवेल या शास्त्रज्ञांनी १८७९ मध्ये मांडलं. सगळी हवा काढून टाकली तर हा पंखा फिरत नाही. गंमत म्हणजे उन्हात तापलेला गोळा उचलून एसीच्या अंधाऱ्या खोलीत नेला की थोडा वेळ उलटा फिरतो, हे भाच्याला आधी सांगू नका. एलईडी बल्बखाली मात्र फारशी अपेक्षा ठेवू नका, त्याच्या प्रकाशात उष्णता फार कमी.

वाळ्याचा_पडदा
वा मॅडम! मग गॅलियमचं काय? तळहातावर वितळतो तो व्हिडिओ पाहून पोट्टा वेडा झालाय.

बर्डीवाला_भाऊ
गॅलियम वितळते २९.७६ डिग्रीला. म्हणजे मे मध्ये कुरिअरवाला आणून देईल तो रसच असेल, तळहाताची काय गरज राहिली भाऊ. फ्रीजमध्ये ठेवून काढायचा, नाहीतर जानेवारीत घे, तेव्हा मजा येते. काचेच्या बाटलीत ओतू नको, गोठताना फुगते ते आणि बाटली तडकते. आणि ताईच्या स्वयंपाकघरापासून दूर ठेव, ॲल्युमिनियमच्या भांड्यावर सांडलं तर धातूच्या कणांमधल्या फटीत घुसते आणि भांडं बोटाने तुटते असं होऊन जाते. मग गिफ्ट देणाऱ्या मामाची काही खैर नाही.

तर्री_जास्त
म्हणजे मामाने चिमणी आणि रेडिओमीटर घ्यावं, गॅलियम पुढच्या संक्रांतीला 😂

वाळ्याचा_पडदा
तेच करून राहिलो, दोन्ही कार्टमध्ये टाकले. एकच विचारायचं राहिलं, भाच्याची धाकटी बहीण ४ वर्षांची आहे, सगळं हातात घेते. चिमणी फुटली तर आतलं लाल पाणी काही करतं का?

फिजिक्सवाली_मॅडम
पाणी नाही ते, बहुतेक चिमण्यांमध्ये डायक्लोरोमीथेन नावाचं पटकन उडून जाणारं रसायन असतं, वर रंग घातलेला. त्याची वाफ नाकात जाणं चांगलं नाही. फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या दारं उघडा, वास गेल्यावर मोठ्या माणसाने हातमोजे घालून काच उचलावी. टीपॉयवर ठेवूच नका, धाकटीचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा आणि पाणी घालायचं काम मोठ्यांकडेच असू द्या.