पदरात लहान मूल असताना नर्सिंगला जावं का?

खाडीकाठ (देवगड)
माझ्या धाकट्या जावेचा जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) नंबर लागलाय. तिची मुलगी चौदा महिन्यांची. घरचे म्हणतात, पोरगी शाळेत जाऊ दे, मग बघू. मला हे अजिबात पटत नाही. कोर्स तीन वर्षांचा, प्रवेशाला वयाची अट ३५. जाऊ आता एकतीसची. पोरगी पहिलीत जाईपर्यंत थांबली तर दारच बंद होईल, आणि तोवर घरात दुसऱ्या पाळण्याची बोलणी सुरू होतील ती वेगळीच.
आपल्याकडच्या दवाखान्यांत बाहेरून आलेल्या सिस्टर बदलीची वाट बघत असतात. जिचं घर, शेत, माणसं इथेच आहेत ती टिकेल. तिने आत्ताच जावं असं माझं मत. तुम्ही बोला.

वॉर्डातली ताई (रत्नागिरी)
मी स्टाफ नर्स आहे, विद्यार्थिनी माझ्या हाताखालून जातात. माझं मत उलट आहे. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि प्रमाणपत्र हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास १०० टक्के भरावे लागतात. पोरीला ताप आला म्हणून चुकलेली ड्युटी माफ होत नाही, ती सुट्टीत भरायची. केसबुकात, म्हणजे विद्यार्थिनीच्या कामाच्या नोंदवहीत, २० बाळंतपणं स्वतः केलेली लागतात, आणि बायका कळा घेऊन रात्री दोनलाही येतात.
एक मुलगी आठवते. अंगावर पिणारं बाळ गावी, हिला पान्हा फुटलेला, ओल्या युनिफॉर्मवर एप्रन घट्ट बांधून लेबर रूममध्ये उभी. पोटावर फीटोस्कोप लावून बाळाचे ठोके मोजत होती आणि आकडा हुकत होता. तिसऱ्यांदा जमला. तिची जिद्द मोठीच होती, पण टेबलावरच्या बाईचं काय? मूल निदान तीन वर्षांचं होऊ दे.

कातळसडा (राजापूर)
ताई, त्या मुलीला दूध काढायला दहा मिनिटं आणि एक बंद खोली का मिळाली नाही? काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं हे बाळंतिणींना तुम्हीच शिकवता. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं. पण विद्यार्थिनी कर्मचारी नव्हे, म्हणून ती यात बसत नाही. त्याच वॉर्डात, त्याच पाळीत राबते तरीही! आकडा हुकला त्याचा दोष तिच्या आईपणावर टाकू नका.

निवांत (चिपळूण)
दोन वर्षांचं एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) करावं, प्रश्न मिटला.

खाडीकाठ
मिटत नाही हो. वॉर्ड, बाळंतपणं, गावभेटी तिथेही आहेतच. एक वर्ष वाचतं, पण पुढे जीएनएम करायचं म्हटलं की पुन्हा तीन वर्षं.

आजी (कुडाळ)
माझी सून दुसऱ्या वर्साक आसा. झिल मुंबयक. नातवाक मीच बघतंय. सून शिकांदे, माझी ना नाय. पण तुमी सगळे कॉलेजाचा नि कायद्याचा बोलतास, आमका कोणी इचारल्यान काय? लावणीच्या दिसांत चिखलात पाय आणि काखेक पोर. गुडघे गेले माझे. रविवारी सून येता तर पोर आधी तिच्याकडे जाणा नाय, मगे ती रडता. झिलान म्हयन्याक चार दिस येवन पोराक सांभाळूचा, इतक्याच माझा म्हणणा.

कातळसडा
आजी, हे आम्ही पुरुषांनी लिहायला हवं होतं. बायको शिकते याचं कौतुक सगळे सांगतात, रजा टाकायला कोणी तयार होत नाही.

वॉर्डातली ताई
आजींचं बोलणं मनाला लागलं. तरी प्रात्यक्षिकाच्या तासांत सूट मागाल तर माझा विरोधच राहील, कारण ती तूट पुढे पेशंटच्या जिवावर येते. सोय मात्र नक्की मागा. रात्रपाळीचं वेळापत्रक महिनाभर आधी लागलं तर घरच्यांना जुळवाजुळव करता येते. आजचा बदल आज संध्याकाळी कळतो, तिथेच लेकुरवाळीची ओढाताण होते. होस्टेलची सक्ती असेल तर जवळ राहणाऱ्या आयांना घरून ये-जा करू द्या. आणि जावेला सांगा, मनोरुग्णालयाची पोस्टिंग लांब पडली तर मुक्काम करावा लागेल. ते दिवस आत्ताच धरून चाला.

खाडीकाठ
ताई, तासांत सूट नको, हे मान्य. थांबण्याचं मात्र मान्य नाही. माझा दीर ट्रॉलरवर असतो. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा तो घरी. ते दोन महिने पोरगी त्याच्याकडे, हे काल सासूबाईंसमोर ठरलं. तो आधी कां-कूं करत होता, मग मुलीला खिमट भरवायला बसला. बाकीच्या दिवसांसाठी शेजारच्या काकूंना रोजाने बोलावणार, सासूबाईंवर सगळा भार टाकणार नाही.
रात्रपाळीच्या वेळापत्रकासाठी आणि दूध काढायच्या खोलीसाठी प्राचार्यांना अर्ज लिहितेय. तुमच्या कॉलेजात लेकुरवाळ्यांना यातलं काय मिळतं ते इथे लिहा, म्हणजे अर्जात दाखला देता येईल.